स्टेशन कोणाच्या सातबाऱ्यावर?

२२ मे २०२५ रोजी देशातल्या १०३ नव्याने सजवलेल्या रेल्वे स्थानकांचं एकाच दिवशी लोकार्पण झालं. अमृत भारत योजनेतली ही स्थानकं. महाराष्ट्रातली त्यांत १५ होती, आणि वऱ्हाडातलं मूर्तिजापूर त्या पंधरांत होतं. चांगली गोष्ट आहे. तासन्‌तास गाडीची वाट पाहणाऱ्याला धड बसायला जागा, पंखा आणि स्वच्छ संडास मिळणार असेल तर नाक मुरडायचं कारण नाही. पण मूर्तिजापूरच्या नावापुढे ‘जंक्शन’ लागलं ते ज्यांच्यामुळे, ते अडीच फुटी रूळ गवतात पडून आहेत. त्या रुळांवरून एक गाडी कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जायची आणि दुसरी दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला. दोन्ही फाटे मिळून १९० किलोमीटरच्या घरात. तीच आपली शकुंतला. गेल्या दशकात ती टप्प्याटप्प्याने बंद पडली. तिच्या स्टेशनांचं काय करायचं, या प्रश्नाला सरकारदरबारी एकच उत्तर मिळत आलंय: रुळांचं रुंदीकरण होईल तेव्हा बघू.

विदर्भातली लहान स्टेशनं या ‘तेव्हा बघू’ने मारली, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी बंद झाली म्हणून दगडी भिंत लगेच पडत नाही. ती पडते मधल्या वर्षांत, जेव्हा रेल्वे तिकडे फिरकत नाही आणि गावाला हात लावायची सोय नसते. आधी दारं जातात, मग खिडक्यांच्या चौकटी, मग कौलं. पुढे एखाद्या पावसाळ्यात आढं बसतं आणि मग साहेब येऊन ‘इमारत धोकादायक’ असं लिहून जातात. ती धोकादायक केली कोणी, हे त्या कागदात नसतं. म्हणून मागणं असं की प्रत्येक स्टेशनाबद्दल एकदाचं लेखी सांगून टाका, इथे गाडी येणार की नाही. येणार असेल तर कधी, ते सालासकट. येणार नसेल तर इमारत आणि भोवतालची जागा नाममात्र भाड्याने गावाच्या हवाली करा. रुळांची पट्टी मात्र कोणालाही विकू नका.

आधी एक भाबडेपणा बाजूला ठेवू. इंग्रजांनी इथे रेल्वे आणली ती आपल्या आज्यांना माहेरी पोचवायला नव्हे. १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. त्यानंतर लगेच १८७० मध्ये जलंबहून खामगावला आणि १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटे निघाले. खामगावचा फाटा जेमतेम १३ किलोमीटरचा. एवढ्याशा अंतरासाठी वेगळी लाईन टाकावीशी वाटली, कारण खामगावात कापसाचा मोठा बाजार होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ आणि अचलपूरच्या लाईनी आल्या, पुलगावहून आर्वीला ३५ किलोमीटरची लाईन आली. या सगळ्या किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या. यवतमाळकडच्या कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला यायच्या, तिथे मोठ्या गाडीत चढायच्या, मुंबईमार्गे मँचेस्टरला जायच्या. शकुंतलेचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ साली बनलेलं. ते १९९४ पर्यंत धावलं.

पण एखादी चीज कोणी कशासाठी आणली यावरून ती शेवटी कोणाची होते हे ठरत नाही. कापूस ट्रकवर गेला आणि गाडीत माणसं राहिली. दुधाच्या कॅनवाले, बाजाराला निघालेल्या बाया, कॉलेजची पोरं, तारखेवर चाललेले पक्षकार, दवाखान्यात निघालेला म्हातारा नि त्याच्यासोबत डबा घेतलेली सून. शकुंतलेच्या शेवटच्या काळात मधल्या स्टेशनांवर कर्मचारीच उरले नव्हते, तेव्हा गार्डच उतरून तिकिटं द्यायचा. गाडी इतकी हळू की चालत्या गाडीतून उतरून पोरं बोरं तोडून परत चढायची, असं जो तो सांगतो. त्यातलं खरं किती नि रंगवलेलं किती, देव जाणे. मला त्यात एवढंच दिसतं की लोकांनी ती गाडी आपल्या घरातली मानली होती.

कागदावर मात्र ती घरातली कधीच नव्हती. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या खासगी रेल्वे कंपन्या सरकारजमा झाल्या, ही तेवढी राहून गेली. मालकी कंपनीची, गाडी चालवायची मध्य रेल्वेने, वापरासाठी कंपनीला मोबदला द्यायचा आणि करार दर काही वर्षांनी पुढे ढकलायचा, असा तो संसार. ज्याची मालकी त्याला गाडीशी देणंघेणं नाही, जो चालवतो त्याची ती मालमत्ता नाही. मग रूळ कोण बदलणार? रूळ बदलले गेले नाहीत म्हणून गाडीचा वेग कमी झाला. वेग कमी झाला म्हणून शहाणी माणसं एसटीने जाऊ लागली. आणि मग प्रवासी नाहीत म्हणून गाडी परवडत नाही, असं ठरलं. या घसरगुंडीची पहिली पायरी मालकीची आहे, प्रवाशांची नव्हे. वर्तमानपत्रात दरवर्षी ‘अजूनही ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातली रेल्वे’ अशी बातमी येते, आपण ती गंमत म्हणून वाचतो आणि पुढच्या पानावर जातो. गंमत वाटावी असं त्यात काही नाही.

यवतमाळ लाईनवरचं एक स्टेशन सांगतो. नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिलं की त्या एकाच गावाची तक्रार होते. काळ्या दगडाचा जोता, वर पांढऱ्या चुन्याच्या भिंती, पुढच्या पडवीला खांब म्हणून उभे केलेले जुने रूळ. रुळाच्या कमरेवर बनवणाऱ्या कारखान्याची उठावाची अक्षरं बोटाला अजून लागतात. तिकिटाची खिडकी आहे, म्हणजे भिंतीत अर्धगोल भोक आहे. आतल्या खोलीत पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळली झाडं रचलेली, शेजारच्या खोलीत कुटार, म्हणजे गुरांचा भुसा. पडवीत दोन बकऱ्या बांधलेल्या. रुळाचा एक तुकडा घंटेसाठी टांगायचे, त्याची साखळी आहे, तुकडा गेला. मागे विहीर आहे, बांधीव, अजून पाण्याची. ती मात्र कोणी पडू दिलेली नाही, कारण उन्हाळ्यात तिच्यावर अर्धं गाव अवलंबून असतं. कुटार ज्याचं होतं त्या बुवाला विचारलं की कौलं का नाही सारखी करून घेत, पावसाळ्यात तुमचंच कुटार भिजतं. तो म्हणाला, “हे इंग्रजाचं हाय म्हन्तात बाप्पा. आपन हात लावला त नोटीस येते. पडलं त पडू द्या.”

त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ग्रामपंचायतीला तिथे एक रुपया खर्च करायचा तर जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असावी लागते. लेखापरीक्षणात पहिला प्रश्न तोच येतो. जागा केंद्राची धरली तर तिच्यावर स्थानिक कर लागत नाही, त्यामुळे त्या जागेपासून पंचायतीला उत्पन्नही नाही. विनापरवानगी कोणी राहायला गेलं तर १९७१ चा सार्वजनिक जागांवरून निष्कासनाचा कायदा आहे, त्याची नोटीस दारावर लागते. म्हणजे वापरणारा चोर, दुरुस्त करणारा अतिक्रमक आणि पडू देणारा तेवढा निर्दोष. अशा व्यवस्थेत इमारत उभी राहिली तरच नवल.

जिथे गाडी अजून धावते तिथली गोष्ट वेगळी आहे. पण फार वेगळी नाही. लहान स्टेशनाचा पहिला श्वास गेला तो मालधक्क्याबरोबर. पूर्वी एखाद्या व्यापाऱ्याला चार-दोन डबे, कधी नुसती काही पोती पाठवायची तरी जवळच्या स्टेशनात सोय होती. १९८० च्या दशकात रेल्वेने फुटकळ माल टाकला आणि अख्ख्या गाडीएवढा माल असेल तरच बोला, असं धोरण धरलं. रेल्वेच्या हिशेबाने ते बरोबरच असेल. कोळसा आणि सिमेंटला ते मानवलं. पण धामणगाव-चांदूरच्या अडत्याला अख्खी मालगाडी भरायची ऐपत नव्हती आणि नाही. धक्का ओस पडला, हमाल गेले, हमालांच्या मागे चहाची टपरी गेली. २०२० मध्ये वरुड ऑरेंज सिटी स्थानकातून संत्री घेऊन किसान रेल दिल्लीकडे निघाली, तेव्हा एवढ्या वर्षांनी कोणाला तरी आठवलं की शेतमाल गाडीनेही जातो. भाड्यात निम्मी सूट होती तोवर ती चालली. सूट असेल तरच माल येतो हे खरं असेल, पण मग रस्त्याला, टोलला, डिझेलला आपण कुठल्या कुठल्या मार्गाने किती सूट देतो, याचाही हिशेब एकदा शेजारी ठेवायला हवा.

दुसरा तडाखा २०२० चा. मार्चमध्ये सगळ्या गाड्या थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजर गाड्या ‘स्पेशल’ म्हणून धावू लागल्या आणि दहा रुपयांचं किमान तिकीट तीस रुपये झालं. डबे तेच, बाकं तीच, थांबे मात्र कमी. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर तिकीट पुन्हा दहावर आलं, पण तोवर चार वर्षं गेली होती. रोजचा प्रवासी चार वर्षं तुमची वाट पाहत नाही. तो मोटरसायकल घेतो, काळी-पिवळी धरतो, नाहीतर जाणंच सोडतो. ज्येष्ठ नागरिकांची सवलत तर त्या मार्चपासून गेली ती गेलीच. याच काळात राज्याने ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत केली आणि २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट दिलं. तेव्हा रेल्वेपेक्षा एसटी स्वस्त नि दारात येणारी, असं चित्र कित्येक गावांत झालं, हेही प्रामाणिकपणे मान्य करावं लागेल. प्रत्येक स्टेशनावर प्रत्येक गाडी थांबवा, अशी मागणी घेऊन जे निवेदनं देत फिरतात त्यांनी आपल्या गावातले किती जण खरंच त्या गाडीत चढतील, ते आधी घरोघरी विचारून घ्यावं. निवेदनावर सही करणारे नि तिकीट काढणारे यांत फरक असतो.

रेल्वेचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. मुंबई-हावडा मार्ग विदर्भाच्या पोटातून जातो. त्यावर मेल, एक्स्प्रेस, कोळशाच्या नि कंटेनरच्या गाड्या एकामागे एक लागलेल्या असतात. एखादी गाडी टिमटाळ्यासारख्या लहान स्टेशनात दोन मिनिटं थांबली तर नुसती दोन मिनिटं जात नाहीत. वेग कमी करणं, थांबणं, पुन्हा वेग घेणं, यात मागच्या गाडीचीही वाट अडते. म्हणूनच वर्धा ते भुसावळ तिसरी आणि चौथी लाईन टाकायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ च्या ऑक्टोबरात मंजुरी दिली. ३१४ किलोमीटर. विदर्भाच्या दृष्टीने ही मोठी आणि चांगली बातमी आहे, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने तातडीची. दोन लाईनींच्या चार होणार म्हणजे आवारं रुंद होणार, फलाट सरकणार, जुन्या इमारती आड येणार. कवठा, तळणी, मालखेड, टाकळी, कुरूम, माना ही नावं एक्स्प्रेसच्या खिडकीतून वाचायच्या आत मागे जातात. त्यांतल्या कुठल्या इमारती राहणार नि कुठल्या जाणार, हे आराखड्याच्या टेबलावरच ठरेल, आणि त्या टेबलाशी गावचा सरपंच बसलेला नसेल. पण चार लाईनी झाल्यावर ‘थांबवायला वाट नाही’ ही सबब उरणार नाही, हेही आत्ताच लिहून घेतलं पाहिजे. दोन लाईनी वेगवान गाड्यांना देऊन उरलेल्या दोहोंवर सकाळ-संध्याकाळ लोकल धर्तीच्या मेमू, म्हणजे कमी पल्ल्याच्या विजेवरच्या गाड्या चालवणं तेव्हा अशक्य राहणार नाही. कामगार अमरावती, अकोला, वर्ध्यात भाड्याची खोली न घेता गावातून ये-जा करू शकेल. मोठ्या शहरांना जे उपनगरी गाडीने मिळालं त्याचा लहानसा वाटा बडनेऱ्याच्या आजूबाजूच्या गावांनी मागितला तर त्यात गैर काय?

आता आपल्याच मंडळींशी थोडं भांडण. शकुंतला म्हटलं की वऱ्हाडातल्या सुशिक्षितांचे डोळे भरून येतात. फेसबुकवर जुने फोटो, ‘काय दिवस होते’, आणि मग सूचना: तिला हेरिटेज करा, पर्यटकांसाठी चालवा, दार्जिलिंगसारखी. दार्जिलिंग, निलगिरी, काल्का-सिमला, या तिन्ही गाड्यांना युनेस्कोचा मान आहे, कारण त्या डोंगर चढतात आणि वर थंड हवा असते. लोक मे महिन्यात मूर्तिजापूरहून निघून दारव्ह्याला का जातील? पंचेचाळीस अंशात, वाटेत सावलीला बाभळी, गाडीत पंखा नाही. हिवाळ्यात एखादा रविवार हौसेने भरेल, दुसरा भरणार नाही. बरं, पर्यटकांची गाडी झाली म्हणजे तिकीट पर्यटकांचं होणार, मग ज्यांची ती गाडी होती त्यांना लाडखेडहून यवतमाळला जायला ती परवडणार नाही. इंजिनांची आठवण जपायला नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय २००२ पासून आहे, आणि ते चांगलं आहे, मुलांना जरूर दाखवा. पण ज्या माणसाला बाजाराला जायचंय त्याला संग्रहालयाचा काय उपयोग? शकुंतलेवर खरं प्रेम असेल तर एक तर ब्रॉडगेजसाठी भांडा, नाहीतर तिची स्टेशनं गावाच्या हाती द्या म्हणून भांडा. फोटोला बदाम देऊन काहीही वाचलेलं नाही.

रुंदीकरणाचा अनुभव मात्र सरसकट वाईट नाही, हेही सांगतो. अकोला-अकोट मीटरगेज २०१७ च्या जानेवारीत बंद झाली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजवर गाडी पुन्हा सुरू झाली. जवळपास सहा वर्षं हा ४०-४५ किलोमीटरच्या तुकड्यासाठी लाजिरवाणा काळ आहे, पण निदान गाडी आली. नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी थांबवली, तेव्हापासून उमरेड-भिवापूरचा माणूस दिवस मोजतोय. लाईन बंद करायची तारीख नेहमी पक्की असते, सुरू व्हायची कधीच नसते. बंद करतानाच सुरू करण्याचं साल जाहीर करायचं आणि ते चुकलं तर त्या मार्गावर पर्यायी बस रेल्वेच्या खर्चाने चालवायची, असा नियम असता तर काही कामं निम्म्या वेळात झाली असती, असा माझा अंदाज आहे.

अकोटच्या पुढे गोष्ट आणखी गुंतते. ती लाईन मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून खांडव्याकडे जायची. वान रोड, धूळघाट ही त्या वाटेवरची स्टेशनं. धूळघाटजवळ रूळ वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडत चढ चढायचे, ते बघायला मुद्दाम माणसं जायची. रुंदीकरण त्याच वाटेने करायचं की जंगलाबाहेरून वळवायचं, यावर बरीच वर्षं वाद झाला आणि राज्य सरकारनेही बाहेरून न्या असंच म्हटलं. माझंही मत तेच आहे. ब्रॉडगेजवर ताशी शंभरने जाणारी गाडी आणि वाघ यांचा संसार होत नाही. बाहेरच्या वाटेने गेली तर तिकडच्या पुष्कळ गावांना पहिल्यांदाच रेल्वे मिळेल. पण मग जंगलातल्या कोरकू आदिवासी माणसाचं काय? त्याला बाहेरच्या जगाकडे नेणारी ती एकच स्वस्त गाडी होती. ती गेली, आणि तिच्या बदल्यात रस्ता किंवा बस द्या असं त्या सगळ्या वादात फार थोड्यांनी म्हटलं. वाघाच्या बाजूने बोलणारे बोलले, रेल्वेच्या बाजूने बोलणारे बोलले. तिथल्या स्टेशनाच्या इमारतींत एक आरोग्य उपकेंद्र, एक रेशनचं गोदाम, वनविभागाची चौकी सहज चालेल. दगडी इमारत आहे, पाण्याची सोय इंग्रजांनी बघूनच जागा निवडलेली असते. जंगलात नवं काही बांधायला परवानगी मिळत नाही, बांधलेलं वापरायला तर हरकत नसावी.

रुळांची पट्टी विकू नका, असं सुरुवातीला म्हटलं, त्याला कारण आहे. ज्यांनी ही रेल्वे इथे आणली त्यांच्या देशात १९६३ साली बीचिंग नावाच्या रेल्वे अध्यक्षांनी २,३६३ स्टेशनं बंद करायची शिफारस केली. पुष्कळशी झालीही. स्कॉटलंडमधली एक लाईन १९६९ मध्ये गेली, लोकांनी पिढीभर मागणी लावून धरल्यावर तिचा एक भाग २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात जुन्या वाटेवर घरं, रस्ते झाले होते. जी जमीन फुकट राखता आली असती ती पुन्हा मिळवावी लागली. आपल्याकडे आज वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी ब्रॉडगेज होतेय, २०२४ च्या फेब्रुवारीत तिचा वर्धा-कळंब तुकडा सुरू झाला. यवतमाळला मोठी गाडी पोचेल तेव्हा दारव्हा, कारंजाच्या दिशेने जोड देण्याचा विचार कोणाच्या तरी डोक्यात येणारच. भूसंपादनाला किती वर्षं लागतात हे या भागात कोणाला सांगायला नको. अडीच फुटी का होईना, सलग, सरळ, नद्यांवर पुलांसकट एक वाट तिथे शंभर वर्षांपासून मोकळी आहे. ती तुकड्यातुकड्याने प्लॉट पाडून गेली तर पुन्हा येणार नाही. पुलगाव-आर्वीलाही हेच लागू आहे.

इमारत आणि आवार मात्र द्यायला हरकत नाही, आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या जमिनीचं भाडेपट्टा धोरण मंजूर केलं. मालवाहतुकीच्या टर्मिनलसाठी बाजारभावाच्या वर्षाला दीड टक्का दराने ३५ वर्षं, आणि दवाखाने, केंद्रीय विद्यालयं अशा सामाजिक सोयींसाठी चौरस मीटरला वर्षाला एक रुपया. म्हणजे एक रुपयात जागा देणं सरकारला तत्त्वतः मान्य आहे. त्या यादीत बंद स्टेशनांसाठी ग्रामपंचायत आणि नगर परिषद ही दोन नावं घालायची, एवढंच उरतं. उद्योगपतीला ३५ वर्षं मिळतात तर अचलपूरच्या फाट्यावरच्या पाथ्रोटच्या पंचायतीला का मिळू नयेत?

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण मी गावातच राहतो. पंचायतीला दिलं की तिथे पुढाऱ्याच्या भाच्याचं दुकान निघेल, नाहीतर पक्षाचं कार्यालय, नाहीतर रात्रीचा अड्डा. होईल, काही ठिकाणी नक्की होईल. म्हणून भाडेपट्ट्यातच अटी घाला: बाहेरचं रूप बदलायचं नाही, पोटभाड्याने द्यायचं नाही, वर्षभर वापर दिसला नाही तर परत. आणि मुख्य म्हणजे विहीर, झाडं, पडवी सगळ्यांना खुली. तेवढं सांभाळलं की आतल्या दोन खोल्यांत काय करायचं ते गावाला कळतं. बहुतेक गावांत आज एकच मागणी आहे, अभ्यासिकेची. पोलीस भरती नि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पोरंपोरी मंदिराच्या सभामंडपात, पाण्याच्या टाकीखाली बसतात. त्यांना कौलांची थंड खोली आणि दोन ट्यूबलाईट मिळाल्या तर फार झालं. कुठे एसटीचा निवारा होईल, कुठे कापूस वेचणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी पाळणाघर. शेंडगाव त्या अचलपूरच्या फाट्याकडचंच, गाडगेबाबांचं जन्मगाव, आणि मूर्तिजापूरला त्यांनी गोरक्षण उभं केलं. त्या माणसाने वाटसरूसाठी, आजाऱ्याच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधत जन्म काढला. त्याच मुलखात बांधून तयार असलेले निवारे कागदाअभावी पडावेत, हे काही बरं दिसत नाही.

तिसऱ्या-चौथ्या लाईनीची आखणी गावात येऊन ठेपण्याआधी हे व्हायला हवं. वर्षातून चार ग्रामसभा ठरलेल्या आहेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. ठराव मोठा नको. आमच्या हद्दीतल्या स्टेशनात गाडी थांबणार आहे का, असल्यास कोणती नि कधीपासून, नसल्यास इमारत व आवार एक रुपया दराने पंचायतीस मिळावं, आणि उत्तर येईतो कौलं सारखी करायची परवानगी असावी. तो विभागीय रेल्वे व्यवस्थापकाला पाठवायचा, एक प्रत खासदारांना. नव्वद दिवसांत उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात तेच तीन प्रश्न पुन्हा विचारायचे. ठरावासोबत इमारतीचे चारही बाजूंचे फोटो तारखेसकट जोडा, विहिरीचा एक वेगळा. पुढेमागे ‘धोकादायक’चा शिक्का घेऊन कोणी आलं तर ती कधीपर्यंत धड होती, ते दाखवायला उपयोगी पडतील.